फॅटी लिव्हरची नवी औषधं: शेजारचा रकाना कुणी वाचतं का?

सावकाश

मंडळी, एक लांबलचक शंका आहे, सांभाळून घ्या.

वय ५२. नेहमीच्या तपासणीत सोनोग्राफीवाल्यांनी ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’ लिहून दिलं. दारू नाही, कावीळ कधी झाली नाही, वजन मात्र असायला हवं त्यापेक्षा बरंच जास्त. डॉक्टरांनी यकृताचा ताठरपणा मोजायला पाठवलं. तिथे आकडा आला ९.४ किलोपास्कल आणि खाली शेरा: ‘एफ२ असण्याची शक्यता’. तेव्हापासून पंधरा दिवस मी रात्री जागून शोधनिबंध वाचतोय. बायको म्हणते, एवढा अभ्यास कॉलेजात केला असतास तर!

जे कळलं ते असं. आजाराचं नावच २०२३ मध्ये बदललं. जुनं ‘नॅफल्ड’ गेलं, ‘मॅसल्ड’ आलं, आणि त्यात यकृताला सूज व पेशींची हानी असेल तर ‘मॅश’. सूज वर्षानुवर्षं राहिली की यकृतात तंतू साचतात, तो फायब्रोसिस. त्याच्या पायऱ्या एफ० ते एफ४, शेवटची सिरॉसिस. मॅशसाठी कित्येक वर्षं एकही मान्यताप्राप्त औषध नव्हतं. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरोम आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड, अशा दोन औषधांना मान्यता मिळाली. दोन्ही एफ२-एफ३ वाल्यांसाठी, म्हणजे बहुधा माझ्यासारख्यांसाठी.

सेमाग्लुटाइडच्या बातमीत वाचलं, ‘६३ टक्के रुग्णांचा आजार गेला’. मी घरभर सांगत सुटलो. मग मूळ निबंध उघडला. ८०० रुग्ण, ७२ आठवडे. औषधवाल्यांपैकी ६२.९ टक्के जणांची सूज गेली आणि फायब्रोसिस वाढला नाही, हे खरं. पण शेजारच्याच रकान्यात प्लासिबो: ३४.३ टक्के! म्हणजे औषध नसलेलं इंजेक्शन टोचून दर तिघांतला एक जण बरा?

माझा प्रश्न एवढाच. हा शेजारचा रकाना काय सांगतोय? यकृत आपोआप बरं होतं, की मोजणाऱ्याचं काहीतरी चुकतंय?

आडवाटेचा

मला प्लासिबो कुठे मिळेल ते सांगा. दुष्परिणाम कमी असतील.

काचपट्टी

@सावकाश, धागा आवडला. मी यकृताच्या बायोप्सी वाचण्याचं काम करते, त्यामुळे ‘मोजणाऱ्याचं चुकतंय’ हे अंगावर घेऊनच उत्तर देते.

थोडं आमचं चुकतं, आणि बरंचसं सुईचं. बायोप्सीच्या सुईत येतो तो तुकडा यकृताचा साधारण पन्नास हजारावा भाग. २००५ मध्ये एका फ्रेंच गटाने ५१ रुग्णांच्या यकृतातून एकाच वेळी दोन-दोन तुकडे काढले. तब्बल ४१ टक्के रुग्णांत दोन तुकड्यांवरची फायब्रोसिसची पायरी निदान एकाने वेगळी निघाली. यकृत तेच, दिवस तोच. आता चाचणीच्या सुरुवातीला एक तुकडा आणि ७२ आठवड्यांनी दुसरा घेतला, तर काहीही न करता काही जण ‘सुधारलेले’ दिसणार आणि काही ‘बिघडलेले’.

त्यात चाचणीत घेतलेच जातात ते पुरेशी सूज दिसलेले लोक. टोकाचा आकडा बघून माणसं निवडली की पुढच्या मोजणीत तो आकडा थोडा खाली येतोच, तुम्ही काही करा वा नका करू.

आणि आमचा वाटा? पेशी फुगलेली आहे की नाही, यावर दोन पॅथॉलॉजिस्टचं एकमत होईल याची खात्री नाही. मी स्वतः एकच काचपट्टी सहा महिन्यांनी पाहून आधीच्या माझ्याशीच असहमत झालेली आहे. म्हणून हल्ली चाचण्यांत दोघं-तिघं वेगवेगळे वाचतात, आणि आधीची कुठली, नंतरची कुठली हे त्यांना सांगत नाहीत.

पण ३४ टक्के सगळे असे खोटे नाहीत. चाचणीत शिरलेला माणूस बदलतो. दर काही आठवड्यांनी कुणीतरी वजन करणार, आहारावर बोलणार, हे ठाऊक असलं की जिना चढणं होतंच. यकृत त्याला लगेच दाद देतं.

चष्मिष्ट

काचपट्टीताईंना +१. आता आकडेमोड, कारण ती केल्याशिवाय मला झोप येत नाही.

औषधाचा वाटा म्हणजे दोन रकान्यांमधला फरक. सेमाग्लुटाइड: सूज जाण्यात ६२.९ वजा ३४.३, म्हणजे सुमारे २९. साधारण साडेतीन जणांना औषध दिलं की एकाला औषधामुळे फायदा. फायब्रोसिस एक पायरी उतरण्यात ३६.८ विरुद्ध २२.४, म्हणजे सात जणांमागे एक.

रेस्मेटिरोमची चाचणी ९६६ रुग्णांची, ५२ आठवड्यांची. १०० मिलिग्रॅमच्या गटात सूज गेली २९.९ टक्के जणांची, प्लासिबोत ९.७. फायब्रोसिस उतरला २५.९ विरुद्ध १४.२. म्हणजे आठ-नऊ जणांमागे एक.

लगेच कुणी म्हणेल, ६३ मोठे की ३०? सेमाग्लुटाइड जिंकलं! तर तसं नाही. एका चाचणीत प्लासिबो ३४, दुसरीत १०. इतकी तफावत याचा अर्थ दोन्हीकडचे रुग्ण, कालावधी, बायोप्सी वाचण्याची शिस्त यांत कुठेतरी फरक आहे. दोन वेगळ्या शाळांतल्या मुलांचे मार्क शेजारी मांडून हुशार कोण ते ठरवण्यातला प्रकार. दोन्ही औषधं एकाच चाचणीत समोरासमोर उभी राहतील तेव्हा बोलू.

निरोगी_जीवन_२४

नमस्कार मित्रांनो, यकृत पूर्णपणे शुद्ध करणाऱ्या आमच्या नैसर्गिक कॅप्सूल घ्या, ९० दिवसांत

संपादक मंडळ

वरील प्रतिसादातला जाहिरातीचा मजकूर उडवला आहे.

काचपट्टी

उडवलात ते बरं केलंत, पण विषय निघालाच आहे तर सांगते. ‘नैसर्गिक’ कॅप्सूलमुळे झालेली यकृताची इजा मी काचेखाली पाहते. ग्रीन टीचा अर्क या बाबतीत आधीच बदनाम आहे. हळदीच्या कॅप्सूलचं प्रकरण त्याहून रंजक. अमेरिकेतल्या एका अभ्यासगटाने अशा इजेचे दहा रुग्ण नोंदवले आणि त्यांतल्या सात जणांत एचएलए-बी*३५:०१ हा एकच जनुकप्रकार सापडला. म्हणजे कॅप्सूल बहुतेकांना सोसते आणि थोड्यांना नेमकी भोवते. स्वयंपाकातल्या चिमटीबद्दल नाही बोलत मी, अर्क काढून गाढ केलेल्या मात्रेबद्दल बोलतेय.

हिरवा_कंदील

पोटाचा डॉक्टर आहे. इथे कुणाचं निदान करणार नाही, तेवढं आधीच सांगून ठेवतो.

सावकाश, तुमच्या लिखाणात एक गोष्ट रोजच्या ओपीडीत दिसते. सोनोग्राफीचा ‘ग्रेड २’ आणि फायब्रोसिसची ‘एफ२’ यांचा एकमेकांशी संबंध नाही. ग्रेड म्हणजे चरबी किती दिसली, तीही बघणाऱ्याच्या नजरेने. एफ म्हणजे तंतू किती. ग्रेड ३ असून एफ० असलेले भरपूर असतात. उलट सिरॉसिस पुढे गेला की चरबी कमीही होते आणि रिपोर्ट ‘सुधारलेला’ वाटतो! पुढे काय होणार याचा अंदाज तंतूंवरून येतो, चरबीवरून नाही.

आता औषधं. रेस्मेटिरोम यकृतातल्या थायरॉइड संप्रेरकाच्या ‘बीटा’ ग्राहकाला (रिसेप्टरला) चेतवतं आणि पेशी चरबी जाळू लागते. हृदय आणि हाडांत मुख्यतः ‘अल्फा’ ग्राहक असतो, त्याला शक्यतो हात लावत नाही. सेमाग्लुटाइडचा मार्ग वेगळा, ते बहुतांशी वजन आणि इन्सुलिनमार्गे काम करतं. त्या चाचणीत औषधवाल्यांचं वजन सरासरी १०.५ टक्के उतरलं, प्लासिबोवाल्यांचं २ टक्के.

पण शेजारच्या रकान्याइतकाच महत्त्वाचा आणखी एक प्रश्न आहे. रकान्याच्या डोक्यावर काय लिहिलंय? ‘सूज गेली’, ‘पायरी उतरली’ ही काचपट्टीवरची भाषा झाली. रुग्णाला हवं ते वेगळं: पोटात पाणी होऊ नये, रक्ताची उलटी होऊ नये, प्रत्यारोपणाची वेळ येऊ नये, जगावं. ते दिसायला वर्षं लागतात. म्हणून दोन्ही औषधांना सवलतीची, अटीवरची मान्यता आहे. मोठ्या चाचण्या अजून चालू आहेत, एक ५४ महिन्यांची, दुसरी २४० आठवड्यांची.

अट कागदावरचीच असते असं समजू नका. ओबेटिकोलिक आम्लाचं बघा. पित्तनलिकांच्या एका आजारात, पीबीसीमध्ये, रक्तातलं एक एन्झाइम उतरतं म्हणून २०१६ साली मान्यता मिळाली. पुढची खात्री करणारी चाचणी फायदा दाखवू शकली नाही. २०२३ मध्ये मॅशसाठी अमेरिकेने नकार दिला, २०२४ मध्ये युरोपच्या औषधसंस्थेने मान्यता काढून घ्यायची शिफारस केली आणि २०२५ मध्ये कंपनीने ते अमेरिकेच्या बाजारातूनही काढलं. एन्झाइम मात्र शेवटपर्यंत उतरत होतं.

नेमकी उलटी गोष्ट इलाफिब्रॅनॉरची. मॅशमध्ये २०२० साली सपशेल पडलं, १९.२ विरुद्ध १४.७. सगळ्यांनी अंत्यविधी उरकला. तेच औषध पीबीसीमध्ये ५१ टक्के जणांना लागू पडलं, प्लासिबो ४ टक्के, आणि २०२४ मध्ये मान्यता! प्लासिबोच्या त्या ४ कडे बघा. तिथे मोजायचं होतं रक्त, सुईतला तुकडा नव्हे. पण रक्तच मोजलंय, हेही विसरू नका. ओबेटिकोलिकची गाडी याच रस्त्याने गेली होती.

सावकाश

डॉक्टरसाहेब, ग्रेड आणि एफचा घोळ मी खरोखरच केला होता. धन्यवाद.

आणखी एक हिशेब करून पाहिला, फिब-४ चा, म्हणजे रक्ततपासणीवरून फायब्रोसिसचा अंदाज बांधणारं सूत्र. वय गुणिले एएसटी (हे आणि एएलटी ही रक्तात मोजतात ती यकृताची एन्झाइमं), भागिले प्लेटलेट (हजारांत) गुणिले एएलटीचं वर्गमूळ. माझं एएसटी ४८, एएलटी ६४, प्लेटलेट २ लाख १० हजार. वर्गमूळ सुटसुटीत ८ निघालं. २४९६ भागिले १६८० म्हणजे १.४९. १.३ च्या खाली असतं तर सुटलो असतो, २.६७ च्या वर असतं तर अडकलो असतो. म्हणजे मी अधांतरी. बरोबर?

हिरवा_कंदील

गणित बरोबर. अधांतरी असलेल्यांनाच ताठरपणा मोजायला पाठवतात, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांचंही बरोबर. हे सूत्र २००६ मध्ये एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी दोन्ही असलेल्या रुग्णांसाठी बनवलं होतं. फॅटी लिव्हरला ते नंतर चिकटलं आणि चक्क चाललं. त्यात वय वर आहे, म्हणून पस्तिशीच्या आत ते भरवशाचं नाही, आणि पासष्टीनंतर १.३ ऐवजी २ ची रेघ धरतात. नाहीतर प्रत्येक आजोबा संशयित ठरतील.

एक विचारायचं राहिलं. ताठरपणा मोजायला जाताना काही खाऊन गेला होतात का?

मधली_सुट्टी

धागा यकृताचा आहे, तरी आतड्यांच्या वतीने घुसते. मला क्रोन्स आहे, म्हणजे आतड्यांना सूज येत राहण्याचा जुनाट आजार, बारा वर्षं झाली.

माझं निदान झालं तेव्हाची रीत अशी: आधी स्टेरॉइड. भागलं नाही की पुन्हा स्टेरॉइड. मग प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या. तेही फसलं की ‘मोठं औषध’. दर पायरीवर आधी हरायचं, मग वर चढायचं. चौथ्या वर्षी माझं आतडं कापावं लागलं.

ब्रिटनमधली प्रोफाइल नावाची चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. नुकतंच निदान झालेले ३८६ रुग्ण. अर्ध्यांना माझ्यासारखी पायऱ्यांची रीत, अर्ध्यांना पहिल्या दिवसापासून इन्फ्लिक्सिमॅब (तेच ते ‘मोठं औषध’) आणि सोबत एक गोळी. ४८ आठवड्यांनी स्टेरॉइड आणि शस्त्रक्रियेविना शांत असलेले: ७९ टक्के विरुद्ध १५ टक्के. पोटाची तातडीची शस्त्रक्रिया एका गटात एकाला, दुसऱ्या गटात दहा जणांना.

तो निबंध मी दुपारी वाचला आणि संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलले नाही.

गंमत म्हणजे ती चाचणी मुळात वेगळ्याच गोष्टीसाठी होती. रक्तातल्या एका खुणेवरून कुणाचा आजार उग्र होणार हे आधी ओळखायचं आणि त्यांनाच मोठं औषध द्यायचं, अशी कल्पना. ती खूण कुचकामी निघाली. पण खुणेची पर्वा न करता सगळ्यांनाच लवकर औषध देणं इतकं सरस ठरलं की मूळ प्रश्न बाजूलाच पडला.

चष्मिष्ट

मधली_सुट्टी, वाचून गलबललो. तरी स्वभावाला औषध नाही, म्हणून विचारतो: या चाचणीत प्लासिबो नव्हता ना? कोण काय घेतंय ते सगळ्यांना माहीत होतं.

मधली_सुट्टी

नव्हता. पण ७९ आणि १५ मधली दरी नुसत्या समजुतीने भरत नाही हो. आणि तातडीची शस्त्रक्रिया काही कुणी मनाच्या समजुतीसाठी करत नाही. माझ्या पोटावर टाके आहेत, ते मोजायला पॅथॉलॉजिस्ट लागत नाही.

काचपट्टी

मान्य. लागत नाही.

चष्मिष्ट

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे).

पोटोबा

आमच्या आयबीएसकडे (तपासणीत काही सापडत नाही, पण पोट कायम बिघडलेलं, तो आजार) या, प्लासिबोचं माहेरघर! शोधनिबंध वाचणं हा आता माझा छंदच झालाय, कारण रिपोर्ट सगळे नॉर्मल येतात आणि वाचायला दुसरं काही उरत नाही.

२०२३ मध्ये ब्रिटनमधून अटलांटिस चाचणीचे निकाल आले. ४६३ रुग्ण, साधे फॅमिली डॉक्टर, जुनंपुराणं अॅमिट्रिप्टिलीन, मात्रा १० ते ३० मिलिग्रॅम, म्हणजे नैराश्यासाठी देतात त्याच्या कितीतरी खाली. सहा महिन्यांनी ‘आराम वाटतो’ म्हणणारे ६१ टक्के, प्लासिबोत ४५ टक्के. मी शेजारचा रकाना वाचला आणि खिन्न झालो. मग लक्षात आलं, इथे मोजायचंच आहे ते ‘कसं वाटतंय’. मग त्या ४५ जणांना वाटलेला आराम खोटा कसा?

त्याहून वेड लावणारा प्रयोग २०१० चा, अमेरिकेतला. ८० रुग्णांपैकी निम्म्यांना गोळ्या दिल्या आणि तोंडावर सांगितलं की यात औषध नाही, हा प्लासिबो आहे. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम म्हणणारे ५९ टक्के. काहीच न घेणाऱ्यांत ३५. वा रे पोट! छोटा प्रयोग आहे, त्यावर इमले बांधू नका. पण @आडवाटेचा, तुमची पहिली मागणी अगदीच चेष्टेवारी नेण्यासारखी नव्हती.

आडवाटेचा

मी नेहमीच काळाच्या पुढे असतो.

भाप्र (भाबडा प्रश्न): मग यकृतवाल्यांनी प्लासिबोवर समाधान का मानू नये?

हिरवा_कंदील

कारण यकृताला काही वाटतच नाही. सिरॉसिस होईपर्यंत बहुतेकांना त्रास नसतो. आयबीएसमध्ये आराम वाटणं हीच सुधारणा. इथे आराम पहिल्यापासूनच असतो, तीच तर पंचाईत.

आणि प्लासिबो कधीकधी जिंकतोही, तेव्हा सावध व्हायचं. सेमाग्लुटाइड सिरॉसिसमध्ये देऊन पाहिलं होतं, निकाल २०२३ चे. ७१ रुग्ण, ४८ आठवडे. फायब्रोसिस सुधारला औषधवाल्यांत ११ टक्के, प्लासिबोत २९ टक्के. याचा अर्थ प्लासिबो भारी असा नाही. प्लासिबोत जेमतेम २४ माणसं होती, सात जणांनी काटा हलवला. पण सिरॉसिस झालेल्यांनी एफ२-एफ३ च्या बातम्या वाचून स्वतःच्या मनाने इंजेक्शन सुरू करू नये, एवढं त्यातून नक्की कळतं. मान्यतेत सिरॉसिस का नाही, त्याचं उत्तर अशाच निकालांत आहे.

चष्मिष्ट

डॉक्टर, नुसतं वजन उतरवण्याचं काय? २०१५ च्या एका अभ्यासाचा हवाला सगळे देतात. २९३ जण, वर्षभर आहार-व्यायाम, शेवटी पुन्हा बायोप्सी. ज्यांनी १० टक्के किंवा जास्त वजन उतरवलं त्यांच्यातल्या ९० टक्क्यांची सूज गेली, ४५ टक्क्यांचा फायब्रोसिस उतरला. पण तिथे शेजारचा रकानाच नाही! आणि तेवढं वजन उतरवलं २९३ पैकी १० टक्क्यांनीच.

हिरवा_कंदील

दोन्ही आक्षेप रास्त. तरी वजन जितकं उतरलं तितकी सुधारणा जास्त, अशी चढती कमान त्या अभ्यासात दिसते आणि ती नुसत्या सुईच्या चुकीने दिसणार नाही. ‘दहातल्या एकालाच जमलं’ हे तुम्ही टीका म्हणून लिहिलंत. मी रुग्णांना हेच आधी सांगतो, म्हणजे न जमलेल्याने स्वतःला आळशी म्हणून शिव्या देऊ नयेत. औषधं आली ती त्या उरलेल्या नऊ जणांसाठी.

आणि रकान्याच्या डोक्यावर थेट ‘जगणं’ लिहिलेला व्यायामाचा अभ्यास हवा असेल तर आतड्याच्या कर्करोगाकडे बघा. २०२५ मधली चॅलेंज चाचणी. शस्त्रक्रिया आणि केमो संपलेले ८८९ रुग्ण. निम्म्यांना तीन वर्षं प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायाम, निम्म्यांना माहितीपुस्तिका. आठ वर्षांनी जिवंत: ९०.३ टक्के विरुद्ध ८३.२. यातही प्लासिबो नाही, व्यायामाचा प्लासिबो बनवणार कसा? पण मृत्यूची नोंद कुणाच्या समजुतीने बदलत नाही.

मधली_सुट्टी

देखरेखीखाली हा शब्द महत्त्वाचा. पुस्तिका आम्हालाही मिळाली होती. टेबलाचा पाय डगमगत होता, त्याखाली आहे.

सावकाश

धागाकर्ता हजर आहे. उत्तर द्यायला दहा दिवस लावले, कारण डॉक्टरसाहेबांनी विचारलेला खाण्याचा प्रश्न डोक्यात बसला होता.

हो, भरपेट नाश्ता करून गेलो होतो. तिथे कुणी विचारलं नाही, मीही बोललो नाही. माझ्या डॉक्टरांना हे सांगितलं तर ते कपाळाला हात लावून म्हणाले, किमान तीन तास पोट रिकामं हवं. जेवणानंतर यकृताकडे रक्त जास्त धावतं आणि आकडा फुगतो. पुन्हा तपासणी केली, उपाशीपोटी. ७.६ आला. आठच्या खाली.

पंधरा रात्री मी एफ२ वाल्यांचे निबंध वाचत होतो, आणि कदाचित मी त्यांच्यातला नाहीच. कदाचितच, कारण काचपट्टीताईंनी मोजण्याबद्दल जे लिहिलंय ते मीटरलाही थोडंफार लागू असणार. डॉक्टरांनी सध्या औषध नको म्हटलंय. वजन, रक्तदाब, साखर यांच्याकडे बघायचं आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचं. चाललोय. आजपर्यंत दोन किलो उतरलंय, त्यातलं किती खरं आणि किती काट्याचं ते चष्मिष्ट सांगतीलच.

चष्मिष्ट

तीन वेगवेगळ्या दिवशी सकाळी, एकाच काट्यावर, आणि सरासरी. मग बोलू.

आडवाटेचा

तपासणीला जाताना रिकाम्या पोटी म्हणजे पाणीपण नाही का?

हिरवा_कंदील

घोटभर चालतं.